शकूअक्का आणि शेंगदाण्याचं चीज

आमच्या शेजारचं घर बंद आहे. नंदू धुळ्याहून कधीतरी येतो, कुलूप काढतो, एका बाईकडून झाडून घेतो, परत कुलूप लावतो. माझ्या दारावरून जाताना मान लचकल्यासारखी ताठ ठेवतो. त्याचं म्हणणं असं, की त्याच्या आईला जे कळू द्यायचं नव्हतं ते मी सांगितलं. मी सांगितलेलं नाही. हे मी त्याला दुकानात सांगितलं, फोनवर सांगितलं, एकदा तर भर बाजारात ओरडून सांगितलं. ओरडणाऱ्या माणसावर कोणी विश्वास ठेवत नाही, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. पुढे एकदा धुळ्याला जाऊन आलो आणि सांगायचंच सोडून दिलं.

त्याची आई म्हणजे आमची शकूअक्का. आता ती नाही. नावं मी थोडी इकडची तिकडे केली आहेत. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, आणि नंदू काही वाचत नाही.

अक्का मूळची धुळ्याकडच्या खेड्यातली. लग्न होऊन जळगावला आली, सगळा जन्म इथे काढला, पण बोली बदलली नाही. आमची गल्ली हळूहळू शहरातलं मराठी बोलायला लागली. अक्काचं ‘आहे’ला ‘शे’ आणि ‘सगळं’ला ‘बठ्ठं’ म्हणणं सुटलं नाही. मुलाला ती शेवटपर्यंत आंडोरच म्हणायची.

मी बाजार समितीत पोती वाहून सुरुवात केली. आज शेंगदाणे, डाळी आणि तेलाचं घाऊक दुकान आहे, आणि मी भाव तोडायला बसलो की समोरच्याला घाम फुटतो. मला घाम फोडणारी अक्का एकटी. ती भाव विचारायचीच नाही. पोत्यात हात घालायची, एक दाणा तोंडात टाकायची आणि चावत चावत छताकडे बघत उभी राहायची. दुकानातली सगळी गिऱ्हाईकं तिच्या तोंडाकडे बघायला लागली, की मग म्हणायची, “खवट शे.”

“अक्का, कालच माल उतरलाय.”

“माल काल उतरना. दाणा परवाच मरना.”

“मग नका घेऊ.”

“नही घेत. कोनी जबरदस्ती करी का?”

आणि तिथेच बाकावर बसून राहायची. तिच्या त्या एका शब्दानं बाकीची गिऱ्हाईकंही दाणे हुंगायला लागायची. शेवटी मी दात ओठ खात तिला हवे तितके दाणे तिला हव्या त्या भावात तिच्या पिशवीत ओतायचो. उठता उठता ती आणखी एक तोंडात टाकायची. “हाई देख. आते कसा गोड लागना.” दाणा तोच असायचा.

मला ती शेठ म्हणायची. त्यात मान नव्हता. पोती वाहायचो तेव्हाही ती मला शेठच म्हणायची.

आणखी एक गोष्ट गल्लीभर ठाऊक होती. अक्काच्या परसात म्हशी होत्या, सकाळ-संध्याकाळ घरोघरी तिचं दूध जायचं, पण तिनं स्वतः दूध घेतलेलं कोणी पाहिलं नव्हतं. चहा कोरा. दही नाही, ताक नाही, सणाला पुरणपोळीवर तूप नाही, तेलाची धार. कोणी आग्रह केला तर “पोटले मानवत नही” म्हणून विषय संपवायची. नवरा गेल्यावर तिनं नव्या म्हशी घेतल्या नाहीत. होत्या त्या म्हाताऱ्या होऊन मेल्या. गोठा रिकामा झाला, तरी चहा कोराच राहिला.

मुलं दोन. नंदू मोठा, धुळ्याला नोकरीला. लहानपणापासून गंभीर, शाळेत मार खाऊन आला तरी सांगणार नाही असा. विशाल धाकटा. तो सुरतेला एका माल वाहतुकीच्या कंपनीत होता. सुटीत आला की माझ्या दुकानात पोत्यावर बसून गिऱ्हाईकांची नक्कल करायचा. त्याच्या हसण्याची एक खोड होती. विनोद पुरा व्हायच्या आधीच तो हसायला लागायचा, त्यामुळे विनोद कधी कळायचा नाही आणि आपण नुसतं त्याच्या हसण्याला हसायचो.

अक्काला हृदयाचा त्रास सुरू झाला म्हणून नंदूनं तिला धुळ्याला नेलं. ऑपरेशन झालं. ती अजून दवाखान्यात पडून होती, तेव्हाच सुरतेजवळ हायवेवर विशाल गेला.

सुरतेला नंदूला मी माझ्या गाडीतून नेलं. जाताना आणि येताना तो एक शब्द बोलला नाही. भावाला तिथेच अग्नी दिला, आंघोळ केली, पिशवीतून आणलेला इस्त्रीचा शर्ट घातला आणि थेट दवाखान्यात आईच्या खाटेजवळ जाऊन हसून म्हणाला, “विशालला कंपनीनं मस्कतला पाठवलं. इतकी घाई झाली, की भेटायला येता आलं नाही.” डॉक्टरांनी बजावलं होतं, काही दिवस म्हातारीला धक्का बसता कामा नये.

त्या काही दिवसांचे महिने झाले, ते पंकजमुळे. पंकज म्हणजे अक्काच्या बहिणीचा मुलगा, पाचोऱ्याचा. तोही सुरतेलाच, लग्नाआधी विशालच्या खोलीतच राहायचा. दोघांचा आवाज इतका सारखा, की लहानपणी फोनवर त्यांच्या आयासुद्धा फसायच्या. अक्का जेवत नव्हती, “विशालना फोन का येत नही” एवढंच विचारत होती. नंदूनं पंकजला गळ घातली, की एकदाच, फक्त एकदाच विशाल बनून बोल. पंकज बोलला. त्या दिवशी अक्का पोटभर जेवली. मग थांबवणार कोण? रोज संध्याकाळी सातच्या सुमारास तिचा बटणाचा फोन वाजू लागला.

अक्का जळगावला परत आली, त्याआधी नंदू घरोघर जाऊन हात जोडून आला. तेरावं पाचोऱ्याला उरकलं होतं. फोटो कुठे लावायचा नाही. कोणी रडायचं नाही. विशालचं नाव निघालं तर मस्कत म्हणायचं. आख्खी गल्ली खोटं बोलायला शिकली. बायका तिच्या ओट्यावर पाय ठेवण्याआधी पदर सारखा करायच्या, तसा चेहरा सारखा करायच्या.

मी फार जायचो नाही. एका संध्याकाळी कशाला तरी, कारण आता आठवत नाही, गेलो होतो आणि फोन वाजला. अक्कानं स्पीकर लावला. “शेठ बी शे आठे,” ती म्हणाली. आणि तो आवाज म्हणाला, “काका, दाणे अजून खवटच विकता का?” आणि हसला. वाक्य संपायच्या आधी हसला. ज्याला मी चितेवर पाहिलं होतं तो माझी थट्टा करत होता. मी काहीतरी पुटपुटलो, घरी आलो आणि पंखा लावून बसलो. बायको म्हणाली, “थंडीत पंखा?”

त्याच सुमारास नंदूची मुलगी केतकी जळगावला कॉलेजात आली आणि आजीसोबत राहू लागली. आली तेव्हा सगळं खायची. एका सुटीत पुण्याला मैत्रिणीकडे गेली आणि दूध, दही, तूप, पनीर सगळं सोडून परत आली. दुसऱ्या दिवशी अक्कानं परसातल्या भिंतीवरून मला हाक मारली.

“शेठ, ऐकं का? मन्ही नात विघ्न व्हई गयी.”

“काय झाली?”

“विघ्न. दूधले शिवत नही.”

आतून केतकी ओरडली, “आजी, व्हीगन! व्ही-गन!”

“तेच ना. विघ्न.” मग अक्का भिंतीवर हनुवटी टेकवून विचार करत म्हणाली, “म्हंजे मी बी विघ्नच शे का रे? इतला वरीस नावच माहीत नव्हतं.”

तेव्हापासून दोघी एकमेकींना विघ्नच म्हणायच्या. “ये विघ्ना, चहा ले.” “ठेव गं विघ्ने, येते.” कोणी नवीन माणूस आला तर त्याला वाटायचं, घरात काय भांडण चाललंय.

एका रविवारी केतकीच्या मैत्रिणी पिझ्झा खायला गेल्या. हीही गेली, आणि सगळ्याजणी चीजच्या तारा ओढत असताना समोर थंड पेय घेऊन बसून आली. घरी येऊन स्वयंपाकघरात पाय पसरून रुसली. मला हे कळलं, कारण भिंतीवरून हुकूम आला, “शेठ, मूठभर दाना ली ये. खवट नको.”

मी दाणे घेऊन गेलो. अक्का पदर खोचून उभी होती आणि नातीची उलटतपासणी चालली होती.

“काय ऱ्हास त्या पिझ्झामा?”

“खाली जाड पोळीसारखं असतं. त्यावर टोमॅटोचं सॉस. त्यावर भाज्या. वर चीज, वितळलेलं.”

“म्हंजे भाकरवर चटनी.”

“आजी, तसं नसतं गं.”

“तसंच ऱ्हास. बस गुमान. फोन याना पहिले करी देस.”

आणि मग तिनं जे केलं ते मी उभा राहून पाहिलं. दाणे गरम पाण्यात टाकले. कळण्याचं पीठ मळलं, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं, आमच्याकडे घरोघरी असतं तेच. त्याची बोटभर जाड भाकरी थापून तव्यावर एका बाजूनं भाजून घेतली. तोवर टोमॅटो, लसूण आणि लाल मिरच्या खलबत्त्यात ठेचून तेलावर परतल्या. सकाळचं वांग्याचं भरीत उरलं होतं, हिरव्या मिरचीचं, कांद्याच्या पातीचं. भिजलेले दाणे मिक्सरमधून काढले, लिंबू पिळलं, मीठ आणि थोडं तेल घातलं आणि कढईत घोटत राहिली. ते पांढरं घट्ट होऊन कडा सोडायला लागलं, तेव्हा उतरवलं. भाजलेली बाजू वर करून त्यावर आधी ठेचलेला टोमॅटो, मग भरीत, मग त्या पांढऱ्याचे गोळे.

“ओव्हन नाहीये आपल्याकडे,” केतकी म्हणाली. रुसवा अजून पुरता गेला नव्हता.

अक्कानं दुसऱ्या शेगडीवर जुना लोखंडी तवा लाल होईतो तापवला, सांडशीनं उचलला आणि वाटीच्या आधारानं भाकरीवर छपरासारखा धरून ठेवला. “खाले तवा, वरे तवा. मधमा ती भाकर जाई कुठे?”

पांढरे गोळे वरून तांबूस झाले, थोडे फुटले. उलथन्यानं तिनं तुकडे पाडले. केतकीनं पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि मग रडवेली होऊन आजीच्या गळ्यात पडली. पोरीला पिझ्झा मिळाला होता.

मलाही तुकडा मिळाला. खरं सांगायचं तर उत्तम होता. खालून कुरकुरीत, मध्ये भरिताचा धूर, वर ते आंबटसर काहीतरी. पण अक्काला सरळ चांगलं म्हणणं माझ्या जिवावर यायचं.

“चव आहे,” मी म्हणालो. “पण हे चीज नाही. मी गिऱ्हाईकाला असा माल दिला तर तो दुकान डोक्यावर घेईल. फसवणूक आहे ही.”

“फसवनूक कशी?” अक्कानं तवा पुसता पुसता विचारलं. “चीज नही हाई तुले माहीत शे. माले माहीत शे. पोरले माहीत शे. मंग फसनं कोन?”

केतकी दोन तुकडे डब्यात घालून कोपऱ्यावरच्या मैत्रिणीला दाखवायला पळाली. अक्का परसात येऊन रिकाम्या गोठ्याच्या कट्ट्यावर बसली, मी समोर. ती बराच वेळ गव्हाणीकडे बघत होती. मग आपणहून बोलायला लागली. मी काही विचारलं नव्हतं.

तिची चंद्री नावाची म्हैस होती. तिचं पारडू आठ-पंधरा दिवसांचं होऊन मेलं आणि चंद्रीनं पान्हा चोरला. थेंब देईना. तेव्हा नवऱ्यानं पारडूचं कातडं काढून घेतलं, त्यात पेंढा भरून शिवलं आणि चार काठ्यांवर चंद्रीसमोर उभं केलं. असं करतात, मी लहानपणी खेड्यात पाहिलेलं आहे. चंद्रीनं ते हुंगलं, चाटलं, आणि पान्हा सोडला. रोज तसंच. ती चाटत राहायची आणि अक्का खाली बसून धार काढायची.

“एक दिन शिवन उसवनी,” अक्का म्हणाली. “चाटी चाटी उसवनी. पेंढा बाहेर उना. चंद्रीनी तो ओढा आनि खाई टाका. मन्हा डोयासमोर. पारडूना पोटमाना पेंढा खादा तिनी. आनि तरी बी पान्हा सोडा.”

तिनं कट्ट्यावरची एक काडी उचलून गव्हाणीत टाकली.

“तोवर माले वाटे, आपन तिले फसाडी ऱ्हायनूत. तिले बठ्ठं माहीत व्हतं शेठ. पह्यल्या दिनपाईन माहीत व्हतं. आम्हना घरमा लेकरं लहान, दूधवर घर चाले, म्हनीसन देत व्हती का काय, देवले माहीत. ते दूध मी प्यावं कसं?”

घरात फोन वाजला. तिनं केतकीला हाक मारली, मग आठवलं ती बाहेर गेली आहे, आणि स्वतःच उठून फोन घेऊन परत कट्ट्यावर आली.

“बोल बेटा.”

स्पीकर नव्हता, पण परसातल्या शांततेत मला सगळं ऐकू येत होतं. “जेवलीस का अक्का?”

“पिझ्झा खादा आज.”

तिकडून हसणं. “चीज घातलं का भरपूर?”

“घालं ना. तार निंघे असं.” तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “तठे गरम शे का रे?”

“खूप. मस्कत म्हणजे भट्टी.”

तेवढ्यात पलीकडे एक लहान मूल रडायला लागलं. पंकजला त्या वर्षी मुलगा झाला होता.

“कोनं लेकरू रडस?” अक्कानं विचारलं.

पलीकडे रडणं एकदम दूर गेलं. मग, “शेजारच्यांचं आहे.”

“मंग घे ना त्याले कडेवर. शेजारीनं ऱ्हायनं म्हनून काय व्हयनं? रडू देऊ नको. ठेव फोन.”

तिनं फोन मांडीवर ठेवला. माझ्या तोंडावर काय दिसत होतं मला माहीत नाही.

“असं तोंड करू नको शेठ,” ती म्हणाली. “माले माहीत शे.”

“काय माहीत आहे?”

“विशाल नही शे.”

तिनं हे असं सांगितलं, जसं वीज गेली असं सांगतात. मी उभा राहिलो, परत बसलो. कोणी सांगितलं, कधी, मी विचारत सुटलो.

“कोनी नही सांगं. तो पंकज मन्हासंगे बोलना ना, पह्यल्या दिन, दवाखानामा. म्हने, अक्का कशी शेस. मन्हा आंडोर फोनवर माले अक्का कधीच म्हने ना. चार लोकसमोर अक्का. आम्ही दोनी एकलाच ऱ्हायनूत की म्हने, ‘काय शकू, जेवनी का?’ मी म्हनू, मेल्या, मायनं नाव लेस? तो हासे. हाई आम्हनं दोनीसनंच व्हतं. नंदूले बी माहीत नही.” तिनं मांडीवरचा फोन उलटा केला. “अक्का म्हनताच समजी गयं. आवाज शे, पोऱ्या नही.”

मी चिडलो. मला दुसरं काही येत नाही. मी चढ्या आवाजात म्हणालो, मग हे सोंग कशाला? सांगून का टाकत नाही त्यांना?

“हयू बोल. नंदू भाऊले अग्नी दिसन मन्हाकडे उना व्हता. हासत उना व्हता. डोया लाल. म्हने डोयामा कचरा गया. त्याले काय सांगू? तुन्हं हासनं माले समजनं, असं सांगू?”

फाटकाचा आवाज झाला. केतकी रिकामा डबा वाजवत आली. “आजी, तिला इतका आवडला ना!” आणि अक्का म्हणाली, “विघ्ना, हात धुई ले पह्यले.”

मी ते कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. पण त्यानंतर संध्याकाळी सात वाजता भिंतीपलीकडे फोन वाजला, की माझा घास तोंडात फिरायचा. ती तिकडे एका मेलेल्या मुलाशी बोलत असायची आणि तिला ते माहीत असायचं. बोलणाऱ्याला वाटायचं तिला माहीत नाही. दोघंही एकमेकांना सांभाळत होते, आणि मधोमध तो हसत होता.

मग एक दिवस पंकज माझ्या दुकानात आला. पाचोऱ्याला आईकडे आला होता, जळगावला माझ्यासाठी म्हणून उतरला. वाळला होता. पोत्यांच्या मागे बसून म्हणाला, “काका, आधी मला विचार करून त्याच्यासारखं बोलावं लागायचं. आता विचार करून माझ्यासारखं बोलावं लागतं. बायको म्हणते, घरातही तसंच हसता. काल आईशी बोलताना मी हसलो, तर आई रडायलाच लागली. म्हणाली, तू असा हसू नको रे, मला भीती वाटते.”

तो गेल्यावर मी नंदूला फोन लावला आणि माझ्या आवाजात बोललो, म्हणजे बाजारात ऐकू गेलं. म्हणालो, त्या पोराचं वाटोळं करतोयस, आईला सांगून टाक, तू सांगणार नसशील तर मी सांगतो. नंदू म्हणाला, “तुम्ही आमच्या घरात पडू नका.” हे दहा लोकांनी ऐकलं. तेच पुढे माझ्या मुळावर आलं.

अक्काला मी एवढंच सांगितलं, की पंकज असा असा येऊन गेला. ती उडदाची डाळ निवडत होती. निवडत राहिली. मला वाटलं ऐकलंच नाही.

त्या संध्याकाळचं मला केतकीनं सांगितलं. फोन आला. अक्कानं “बोल बेटा” म्हटलंच नाही. म्हणाली, “पंकज, बस कर आते. तुन्ही मायले फोन कर. विशालनं माले समजी गयं.” पलीकडे तो लहान मुलासारखा रडत होता आणि ही त्याला “रडू नको” म्हणत होती. शेवटी त्यानं विचारलं, कोणी सांगितलं मावशी? आणि अक्का म्हणाली, “दिलीपनी.”

दिलीप म्हणजे मी.

सकाळी नंदू धुळ्याहून आला तो घरी न जाता माझ्या दुकानात आला. आईला काही झालं असतं म्हणजे? मनाची नाही, निदान जनाची? भर गिऱ्हाईकांत तो बोलत होता आणि बघणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं, की हा गृहस्थ असं करू शकतो. मी ओरडलो, त्यानं ते आणखी पक्कं झालं.

मी तसाच अक्काकडे गेलो.

“मी सांगितलं?”

“नही.”

“मग माझं नाव का घेतलं?”

“कोनी तरी सांगेल पायजे ना.” ती अगदी शांत होती. “पह्यल्या दिनपाईन माहीत व्हतं असं सांगं, तर त्या पोरनं बठ्ठं बोलनं वाया गयं. नंदूनं हासनं बी वाया गयं. आते त्यासले वाटस, इतला दिन तरी आपन तिले दुखपाईन वाचाडं. ऱ्हाऊ दे तेवढं त्यासनाकडे.”

“आणि माझं काय?”

“तू तिखट शे. तुन्हावर बठ्ठा इस्वास ठेवतीन.”

म्हणजे, तू असं केलंस यावर. मी तिच्या ओट्यावरची पाण्याची बादली लाथेनं उडवली आणि घरी आलो. त्यानंतर ती गल्लीत असेपर्यंत तिच्याशी बोललो नाही.

दुपारी गल्लीतल्या बायका तिच्या घरी गेल्या. विशालचा फोटो भिंतीवर लागला. आणि मग भिंतीपलीकडून जे ऐकू आलं ते आम्ही त्याआधी ऐकलं नव्हतं. दवाखान्यातून परत आल्यापासून न रडलेली बाई रडत होती. त्याचं नाव घेऊन, गावाकडच्या बायका रडतात तशी, एकेक आठवण काढून. ते दिवसचे दिवस चाललं. आम्ही टीव्ही लावायचो आणि आवाज बंद ठेवायचो. माझ्या बायकोनं एकदा विचारलं, “बरं झालं ना हो तुम्ही सांगितलंत ते?” मी ताटावरून उठलो.

पुढे नंदू तिला धुळ्याला घेऊन गेला. केतकी हॉस्टेलवर राहायला गेली. जाताना अक्का रिक्षात बसली तेव्हा मी दुकानात होतो. मुद्दाम होतो.

पण आळ कुसळासारखा असतो, दिसत नाही आणि काढल्याशिवाय चैन पडत नाही. बाजारात कोणी गप्पांत “तुझ्या कानावर घालू का, पण नको बाबा” असं म्हणून हसलं, की माझं डोकं फिरायचं. खरेदीसाठी धुळ्याला गेलो होतो, काम लवकर उरकलं, आणि पाय देवपुरात नंदूच्या घराकडे वळले. ठरवून गेलो. आज नंदूसमोर अक्काच्या तोंडून वदवून घ्यायचं.

नंदूनं दार उघडलं आणि दारातच उभा राहिला. आतून अक्काचा आवाज आला, “कोन शे? येऊ दे त्याले.”

ती खिडकीजवळच्या खाटेवर बसली होती. अर्धी झाली होती. फोन उशाशी होता. मी बसलो नाही. म्हणालो, “नंदू, आज आईच्या तोंडून ऐक. अक्का, सांगा याला.”

नंदू तिच्याकडे बघायला लागला. त्याच्या डोळ्यांत राग होता, पण त्याच्याखाली दुसरंही काही होतं. तो माणूस त्या उत्तराला घाबरत होता. सुरतेच्या त्या वाटेवर माझ्या शेजारी बसला होता, तसाच दिसत होता.

अक्का म्हणाली, “यानी सांगं म्हनीसन माले समजनं. नही तर मी अजून वाट देखत बठी ऱ्हाती.”

आणि माझ्याकडे बघत गप्प बसली. पुढचं मी बोलायचं होतं. तिनं काही मागितलं नाही, डोळ्यांनी विनवलंही नाही. नुसती थांबली. तिचं म्हणणं खोटं पाडायला माझ्याकडे एक वाक्य पुरे होतं. शकू. विशाल तिला एकट्यात असं म्हणायचा, एवढं बोललो असतो तर नंदूला सगळं कळलं असतं.

“हो,” मी म्हणालो. “मीच सांगितलं.”

नंदूनं श्वास सोडला. मग आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि माझ्यासमोर आदळला. पाणी सांडलं. मी प्यायलो.

तेवढ्यात फोन वाजला. अक्कानं तो उचलला. “बोल पंकज.” नंदू मला म्हणाला, “रोज करतो. आता मावशी म्हणून करतो.” एवढंच. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही.

मी उठलो. निघतो म्हणून अक्काला हात केला, तिचं लक्ष नव्हतं. दारात चपला घालताना मागे वळून पाहिलं. पलीकडे पंकज बोलत होता, त्याच्या मुलाला दात येत असल्याचं काहीतरी, सुरतेतल्या पाण्याचं काहीतरी, मध्येच हसत होता. अक्का हूं सुद्धा म्हणत नव्हती. दोन्ही हातांनी फोन कानाशी दाबून धरला होता, डोळे मिटले होते, आणि ती नुसता आवाज ऐकत होती.